मल्लाचे देहदमन आणि मध्यम मार्ग

७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ही भारतीय मल्ल वजनकाट्यावर उभी राहिली. तिचा वजनगट ५० किलोचा होता. काट्याने सुमारे १०० ग्रॅम अधिक दाखविले. आदल्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. त्यांतील पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकी हिच्याशी होती. सुसाकी ही टोकियो ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती, तोवर कोणत्याही परदेशी मल्लाकडून न हरलेली. विनेशने तिला नमविले आणि पुढे अंतिम फेरी गाठली. त्या रात्री तिचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे २.७ किलो अधिक भरले. मग रात्रभर अन्न नाही, पाणी नाही, व्यायाम आणि बाष्पस्नान यांचा क्रम चालू. शेवटी केसही कापले. तरीही १०० ग्रॅम उरलेच. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. नियमानुसार ती स्पर्धेतून बाद ठरली आणि तिचा क्रमांक सर्वांत शेवटी लावण्यात आला. क्रीडा लवादाकडे तिने केलेली दाद १४ ऑगस्ट रोजी फेटाळली गेली.

या घटनेवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. कोणी नियमाला दोष दिला, कोणी प्रशिक्षकांना, तर कोणी खेळाडूलाच. प्रस्तुत लेखात आम्हांला न्यायनिवाडा करावयाचा नाही. आम्हांला ज्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे तो अधिक जुना आहे. एखादे श्रेष्ठ ध्येय गाठण्यासाठी मनुष्याने आपल्या देहाला किती ताडावे? ताडनाने देह वश होतो, की केवळ दुबळा होतो? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी उरुवेलेच्या वनात एका तरुण तपस्व्याने स्वतःच्या देहावर तपासून पाहिला होता. आजचा मल्ल, मुष्टियोद्धा किंवा ज्यूदोपटू त्याच प्रश्नापुढे उभा आहे, म्हणून बौद्ध अभ्यासकाने या विषयाला परका मानू नये.

घामाचा व्यवहार

वजनगटांची योजना मुळात न्यायासाठी झाली. दुर्बलाला बलदंडापुढे उभे करू नये, समानाची गाठ समानाशी पडावी, हा तिचा हेतू. परंतु प्रत्येक नियमाला पळवाट शोधणारी बुद्धी मनुष्याजवळ असतेच. ज्याचे नैसर्गिक वजन ६१ किलो आहे, तो विचार करतो की काट्यावर उभे राहण्यापुरते आपण ५७ किलो झालो आणि नंतर खाऊनपिऊन पुन्हा भरून आलो, तर आपल्याहून लहान चणीच्या प्रतिस्पर्ध्याशी लढता येईल. प्रतिस्पर्धीही तसाच विचार करतो. परिणामी दोघेही आपापले वजन उतरवून पुन्हा समान होतात. लाभ कोणालाच होत नाही, मात्र हानी दोघांची होते. तृष्णेचा व्यवहार कसा चालतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

अल्पावधीत उतरविलेले हे वजन चरबीचे नसते. ते मुख्यतः पाण्याचे असते. एक लिटर घाम गेला की एक किलो वजन जाते. स्नायू आणि यकृत यांत साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते; म्हणून भात-भाकरी बंद केली की ते पाणीही निघून जाते. काट्याला हे सर्व सारखेच. शरीराला मात्र सारखे नसते. पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते, घाम येईनासा होऊन देहाची उष्णता आतच कोंडते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के इतके पाणी गेले तरी शक्ती व एकाग्रता यांवर परिणाम दिसू लागतो. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत दीर्घकाळच्या अर्धपोटी राहण्याने मासिक पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे हे परिणाम वैद्यकाने नोंदविले आहेत.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबर या दोन महिन्यांत, अवघ्या पाच आठवड्यांच्या आत, महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन उतरविताना मृत्युमुखी पडले. तिघेही घाम बाहेर न सोडणारे पोशाख घालून उष्ण जागेत व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असे पोशाख व बाष्पस्नान यांवर बंदी घातली, वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली, आणि प्रत्येक मल्लाने किती खालच्या गटात उतरावे याची मर्यादा हंगामाच्या आरंभीच, शरीरातील पाणी व चरबी तपासून, ठरविण्याची पद्धत पाडली. २०१५ च्या डिसेंबरात मनिला येथील एका मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेपूर्वी एका चिनी खेळाडूचा असाच अंत झाला. तेव्हा त्या आयोजकांनीही शरीरातील पाण्याची तपासणी सक्तीची केली. नियम सुधारले, हे खरे; परंतु ते प्राण गेल्यानंतर सुधारले.

उरुवेलेचा अनुभव

आता आपण मज्झिम निकायातील महासच्चक सुत्ताकडे वळू. वैशालीत सच्चक नावाच्या वादपटू निगंठपुत्राशी झालेल्या या संवादात तथागत आपल्या तपश्चर्येचा वृत्तान्त सांगतात. त्यात त्यांनी दिलेली उपमा लक्षणीय आहे. एखाद्या बलवान पुरुषाने दुर्बलाला डोक्याला किंवा खांद्याला धरून दाबावे, चेपावे, तसे आपण दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, मनाने मनाला दाबून धरले, आणि त्या झटापटीत आपल्या काखांतून घाम वाहू लागला, असे ते सांगतात. ही उपमा सरळसरळ झुंजीची आहे. फरक इतकाच की या आखाड्यात दोन्ही मल्ल एकाच देहात होते.

पुढे ते आहार कमी करीत गेले. मूग, कुळीथ, वाटाणा यांचे ओंजळभर कढण एवढ्यावर दिवस काढले. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती यावा, अंगावरून हात फिरवावा तर केस गळून पडावेत, अशी अवस्था झाली. या ठिकाणी सुत्तातील एक बारकावा ध्यानी घेण्यासारखा आहे. तथागत असे म्हणत नाहीत की त्या काळी आपल्यात वीर्य नव्हते. वीर्य होते, स्मृतीही जागी होती. परंतु देह त्या दुःखद प्रयत्नाने अशांत व थकलेला होता. म्हणजे दोष निश्चयात नव्हता, मार्गात होता. इतकी पराकाष्ठा करूनही ज्ञान हाती आले नाही, तेव्हा त्यांना बालपणी जांभळीच्या छायेत अनुभवलेल्या प्रसन्न ध्यानाची आठवण झाली. ते सुख निर्दोष आहे, मग आपण त्याला का भितो, असे त्यांनी स्वतःला विचारले; आणि इतक्या कृश देहाने ते साधणार नाही हे ओळखून त्यांनी अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक, हा ऐषारामाकडे वळला असे समजून, त्यांना सोडून गेले.

त्या पाच जणांची समजूत आजही मेलेली नाही. जो खेळाडू वेळेवर जेवतो, विश्रांती मागतो, दुखापत झाली तर थांबतो, त्याला आजही कच्चा समजणारे पुष्कळ आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाच्या देहदंडाचा प्रसंग त्यात सविस्तर आला आहे, आणि बाबासाहेबांनी त्यातून काढलेला अर्थ बुद्धिवादी आहे. भूक, तहान व थकवा यांनी ज्याचे मन ठिकाणावर राहिलेले नाही, त्याला मनानेच गाठावयाचे ध्येय कसे गाठता येईल, असा तो प्रश्न आहे. देहाच्या गरजा योग्य रीतीने भागल्या तरच मनाला स्वास्थ्य लाभते, हे त्याचे उत्तर. कुस्तीलाही हे लागू पडते. डाव शरीराने टाकला जातो, परंतु तो क्षणार्धात सुचावा लागतो मनाला.

दोन टोके, एकच मनुष्य

कामसुखल्लिकानुयोग आणि अत्तकिलमथानुयोग, म्हणजे भोगात लोळणे आणि देहाला पिळणे, अशी दोन टोके तथागतांनी सारनाथच्या पहिल्याच प्रवचनात सांगितली. सामान्यतः आपण समजतो की ही दोन निरनिराळ्या माणसांची वृत्ती आहे. एक भोगी आणि दुसरा तपस्वी. लढवय्या खेळाडूंचे जीवन असे दाखविते की ही टोके एकाच मनुष्यात आळीपाळीने वास करू शकतात, नव्हे, एक टोक दुसऱ्याला जन्म देते.

पनामाचा मुष्टियोद्धा रॉबेर्तो दुरान याने २० जून १९८० रोजी माँट्रियल येथे शुगर रे लेनर्डला हरवून जगज्जेतेपद मिळविले. विजयानंतर मेजवान्यांचा सपाटा चालला आणि त्याचे वजन अतोनात वाढले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी न्यू ऑर्लिन्सला पुन्हा गाठ ठरली. थोड्या अवधीत ते सारे वजन उतरविणे भाग होते. त्याने ते उपाशी राहून उतरविले. आणि आठव्या फेरीत, उभा असतानाच, त्याने लढत सोडून दिली. ज्याच्या निर्भयतेच्या कथा सांगितल्या जात, त्याच्यावर ही वेळ आली. पाच महिन्यांत दोन्ही टोकांना जाऊन आलेला देह मधल्या जागेवर उभा राहू शकला नाही.

आपल्या महाराष्ट्रात या रोगाचे रूप निराळे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले. त्या मातीवरील मैदानी कुस्तीत जोड लावताना वस्तादाची नजर हाच काटा असे. तेथे घाम गाळून हलके होण्याचे कारण नव्हते. उलट दूध, तूप, बदाम यांच्या खुराकावर देह भरण्याकडे कल होता. जोर-बैठकांचा घाम चालू असेतो तो खुराक पचत असे. कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला, की तोच देह ओझे होऊन बसतो. गादीवरील मल्ल उपासाने झिजतो आणि मातीतला मल्ल निवृत्तीनंतर खुराकाने जड होतो. मात्रा दोघांचीही चुकलेली असते.

या ‘मात्रे’ला पाली वाङ्मयात ‘भोजने मत्तञ्ञुता’ असे नाव आहे. भिक्षूने अन्न ग्रहण करताना ते कशासाठी नाही याचे चिंतन करावे, असे सांगितले आहे: खेळासाठी नाही, मदासाठी नाही, शोभेसाठी नाही. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात यातील ‘मदासाठी’ या शब्दाचे स्पष्टीकरण करताना जे उदाहरण दिले, ते मुष्टियोद्धे व मल्ल यांचेच आहे. बळाचा आणि पौरुषाचा मद चढावा म्हणून खाणारे, असे ते त्यांच्याविषयी म्हणतात. ब्रह्मजाल सुत्तातही काठीची लढत, मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांचा समावेश श्रमणाने न पाहण्याच्या खेळांत आहे. हे आपण झाकून ठेवू नये. परंतु हा नियम श्रमणासाठी आहे, गृहस्थासाठी नव्हे. आणि बुद्धघोषांचा आक्षेप बळावर नाही, बळाच्या मदावर आहे. प्रतिस्पर्ध्याला इजा करण्याची वासना नसलेला, नियमाने बांधलेला आणि हरल्यावर हात मिळविणारा मल्ल हा मदावर विजय मिळविण्याचा प्रयत्न करणारा गृहस्थ असू शकतो.

बाण सरळ करणारा कारागीर

येथे एक रास्त शंका निघेल. कष्टाशिवाय विजेता कसा घडेल? पहाटे उठणे, हजार बैठका, आवडते पदार्थ सोडणे, सणावाराला घरी न जाणे, हे सारे देहदमनच नव्हे काय? मध्यम मार्ग म्हणजे आळशाची सोय काय?

याचे उत्तर देवदह सुत्तात आहे. तेथे तथागतांनी बाण घडविणाऱ्या कारागिराची उपमा योजिली आहे. वाकडा बाण दोन जळत्या काष्ठांमध्ये तापवून तो सरळ करतो. बाण सरळ झाला की पुन्हा तापवीत बसत नाही, कारण ज्यासाठी तापविला ते कार्य झालेले असते. म्हणजे दुःखद परिश्रम सर्वथा त्याज्य नाहीत. ते साधन आहेत. ताप हा बाणासाठी आहे, बाण तापासाठी नाही.

या उपमेवरून आम्हांला कष्ट तपासण्याच्या तीन कसोट्या सुचतात. पहिली हेतूची. हजार जोर मारल्याने मल्लाचा दम वाढतो, तो बाण सरळ करणारा ताप होय. बाष्पस्नानात बसून चार किलो पाणी काढल्याने त्याच्या कौशल्यात कणभर भर पडत नाही. केवळ काट्याला फसविले जाते. दुसरी कसोटी मात्रेची. शीतवनात राहणारा सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घरातील सुकुमार पुत्र. त्याने चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ केले आणि फळ दिसेना म्हणून गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार केला. तथागतांनी त्याला त्याच्याच पूर्वीच्या कलेची आठवण दिली. वीणेच्या तारा अति ताणल्या किंवा सैल सोडल्या तर वीणा वाजत नाही, हे त्याला ठाऊकच होते. अति ताणलेले वीर्य चित्त अस्थिर करते, सैल वीर्य आळस आणते. वीर्याचा हा समतोल म्हणजेच विरियसमता. लक्षात घ्यावे की सोणाला साधना सोडावयास सांगितले नाही, तार जुळविण्यास सांगितले.

तिसरी कसोटी फलाची, आणि तीही एकदाच लागलेल्या फलाची नव्हे. पॅरिसमध्येच ८ ऑगस्ट २०२४ च्या उपान्त्य कुस्तीनंतर अमन सेहरावत याचे वजन ६१.५ किलोपर्यंत गेले होते. त्याने सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलोच्या गटात दुसऱ्या दिवशी कांस्यपदक जिंकले. देशाने कौतुक केले. ते पदकापुरते योग्यच होते. परंतु २०२५ च्या सप्टेंबरात झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत तोच मल्ल त्याच गटात १.७ किलो अधिक भरल्यामुळे एकही कुस्ती न खेळता बाद झाला. जी रीत एकदा तारते आणि दुसऱ्यांदा बुडविते, तिला साधना म्हणता येत नाही. तिला जुगार म्हणावे लागेल.

व्यक्तीइतकाच दोष व्यवस्थेचाही आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या मुक्त शैलीत दहा वजनगट असतात, तर पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते सहाच होते. ५७ नंतर एकदम ६५. मधल्या वजनाच्या मल्लाने जावे कोठे? त्याने एकतर स्वतःला सुकवावे किंवा आठ किलोंनी मोठ्या गटात उतरावे. विनेशही पूर्वी ५३ किलोत खेळत असे. त्या गटातील जागा दुसऱ्या मल्लाकडे गेल्यामुळे ती ५० मध्ये उतरली. दुःखाचे कारण शोधताना केवळ दुःखिताच्या चारित्र्यात शोधू नये, हा धम्माचा आणि बाबासाहेबांचाही धडा आहे.

राजाचे ताट

संयुत्त निकायात एक लहानसे सुत्त आहे. कोसलराज प्रसेनजित द्रोणभर भात खात असे. जेवून धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपदेश केला तो इतकाच की जो सावध राहून अन्नात मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि तो हळूहळू वार्धक्याला पोचतो. राजाने जवळच उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करण्यास सांगितले आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा आहार क्रमाक्रमाने नाळीभर भातावर स्थिरावला. देह हलका झाल्यावर तो आपल्या अंगावरून हात फिरवीत तथागतांच्या अनुकंपेची प्रशंसा करू लागला.

वजन कसे उतरवावे याचे हे उत्तम शास्त्र आहे. एका रात्रीत नव्हे, क्रमाक्रमाने. अन्न तोडून नव्हे, मात्रा ओळखून. आणि एकट्याने नव्हे, ताटाजवळ उभ्या असलेल्या एका साक्षीदाराच्या साहाय्याने. आजच्या क्रीडावैद्यकाचा सल्ला यापेक्षा फार निराळा नाही.

उपास आणि उपासमार

शेवटी आम्हांला एक भेद स्पष्ट करावयाचा आहे, कारण तो आपल्या वस्त्यांशी निगडित आहे. कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी यांकडे येणारी बहुसंख्य मुले-मुली गरीब घरांतील असतात. देह हेच त्यांचे एकमेव भांडवल. ज्याच्या घरी भरलेले ताट आहे त्याने ते बाजूला सारणे हा उपास. ज्याच्या घरी ताटच नाही त्याची ती उपासमार. दोहोंना त्याग हे एकच नाव दिले, तर अन्यायावर पांघरूण पडते. रिकाम्या पोटाने सराव करणाऱ्या मुलाची आपण भाषणांतून स्तुती करतो. त्याच्या दुधाची सोय मात्र करीत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील आळवीची कथा या संदर्भात आठवावी. एका गरीब शेतकऱ्याला धम्म समजेल असे जाणून तथागत दूरवर चालत तेथे आले. नेमका त्या दिवशी त्याचा बैल हरवला. तो शोधून थकून-भागून, भुकेला असा तो सभेत पोचला, तोवर तथागत मौन धरून थांबले होते. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले. त्याचे पोट शांत झाल्यावर मग उपदेशाला आरंभ केला. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य.

आपल्या विहारांशी जोडलेल्या व्यायामशाळा, तालमी आणि युवक मंडळे यांनी हा क्रम पाळावा, एवढेच आमचे सांगणे आहे. आधी ताट, मग तालीम, मग त्याग. मुलाला कोणत्या गटात खेळवावयाचे हे स्पर्धेच्या आदल्या रात्री नव्हे, हंगामापूर्वी त्याच्या वाढत्या देहाकडे पाहून ठरवावे. मुलीची पाळी थांबली तर ती शिस्तीची खूण न समजता आजाराची सूचना समजावी आणि तिला वैद्याकडे न्यावे. आणि प्रत्येक वस्तादाने आपल्या मल्लासाठी थोडेसे सुदस्सन व्हावे. अधिक वाढून घेतले तर मात्रेची आठवण द्यावी, आणि ताट दूर सारले तर ते पुन्हा पुढे ओढून ठेवावे.